घारापुरी : गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाबांना सावकाश लेणी दाखवायची आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर बाबांना घेऊन घारापुरीला, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावर, जायचं ठरतंय. आम्ही कोल्हापूरचे. बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. शिल्पकलेचा धडा आला की पुस्तकातला बोटभर फोटो बघून ते फळ्यावर खडूने महेशमूर्ती, म्हणजे तिथली तीन मुखांची शिवाची मूर्ती, काढून दाखवायचे. त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलं गेली, पण त्यांचं स्वतःचं घारापुरीला जाणं कधी झालं नाही. आता एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर छान चालतात, जिने मात्र थांबत थांबत चढावे लागतात.

बरीच वर्णनं वाचली. बहुतेक ठिकाणी सकाळी बोट, तासभर लेणी, फोटो, मक्याचं कणीस आणि परत, असाच बेत दिसतो. आम्हाला तसं नकोय. बाबांना पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात वही-पेन्सिल घेऊन निवांत बसायचंय. बाकीची लेणी, टेकडीवरच्या तोफा, पूर्वेकडच्या टेकडीवरचा स्तूप हे राहिलं तरी चालेल.

मला कळलेलं असं : सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेवरून सकाळी नऊच्या सुमारास बोटी सुरू होतात आणि पोचायला साधारण तास लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, मग १२० पायऱ्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून थेट गेटवे गाठावं का, की रात्रभराच्या प्रवासानंतर त्यांना ते जड जाईल?

दुसरं म्हणजे बेटावर मुक्काम करता येतो का? संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर आणि सकाळी पहिली बोट यायच्या आधी लेणी बघता आली तर बाबांसाठी त्याहून मोठी गोष्ट नाही. बेटावर तीन गावं आहेत, २०१८मध्ये समुद्राखालून केबल टाकून कायमची वीजही आली, म्हणून आशा वाटतेय.

आणि बोटीत चढ-उतार कशी असते? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त हवंय. आई १८ डिसेंबर २०२४च्या अपघातापासून धास्तावली आहे. नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून घारापुरीची बोट बुडाली होती, ते तिच्या डोक्यातून जात नाही. तिला काय सांगू?

प्रतिसाद : उरणकर

ताई, आधी मुक्कामाचं सांगतो. पर्यटकांना रात्री बेटावर राहू देत नाहीत. लेणी संध्याकाळी बंद होतात आणि शेवटच्या बोटीने सगळ्यांना परत यावं लागतं. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही राहती गावं आहेत, तिथे कुणाच्या ओळखीने सोय होईल या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघू नका. मुक्काम कुलाबा किंवा फोर्टात करा, म्हणजे पहिली बोट आरामात मिळेल. पहिल्या बोटीने गेलात की सकाळची शांतता बऱ्यापैकी मिळते, गर्दी अकरानंतर वाढते.

आता बोटीचं. खरी कसरत तिथेच आहे, १२० पायऱ्यांचं नंतर बघू. गेटवेला दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. पाणी ओसरलं की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. त्यात बोटी एकीला एक लागून उभ्या असतात, त्यामुळे कधी कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. लाटेने दोन्ही बोटी वर-खाली होत असतात. खलाशी हात देतात, त्यांना सवय असते. बाबांनी काठी तुमच्याकडे द्यावी आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. बोट वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. खलाशी 'आता' म्हणेपर्यंत थांबायचं.

म्हणून दिवस ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. पुनव-अवसेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं, फरक कमी, चढ-उतार त्यातल्या त्यात सोपी. भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला, नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

आईंना सांगा, त्या अपघातानंतर लाइफ जॅकेट घालायलाच लावतात. तरी बाबांचं जॅकेट तुम्ही स्वतः घालून द्या आणि पट्टे आवळून बघा. बोट भरलेली वाटली तर सरळ पुढच्या बोटीची वाट बघा. वरच्या डेकवर वारा छान लागतो, पण तिथे चढायची शिडी बाबांसाठी नाही. खालीच बसा.

प्रतिसाद : फोर्टातला

महालक्ष्मीने उतरून त्याच दिवशी जाऊ नका. रात्रभर बर्थवर आखडलेला गुडघा आणि लगेच बोट, कशाला? तो दिवस आराम करा.

पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री असते, त्यामुळे ऊन लागत नाही. शिवाय डोली मिळते. खुर्चीला बांबू बांधलेले असतात आणि माणसं खांद्यावर उचलून नेतात. भाव आधी ठरवा, परतीचाही त्यातच. काही ज्येष्ठांना डोलीत बसायला संकोच वाटतो, पण तुमच्या बाबांना सांगा की पायातलं बळ लेण्यात उभं राहायला लागणार आहे, ते पायऱ्यांवर संपवू नका. वर माकडं आहेत. खाऊची पिशवी हातात दिसली की गेलीच समजा, सगळं बंद सॅकमध्ये ठेवा.

प्रतिसाद : शिल्पकलेची विद्यार्थिनी

तुमच्या बाबांसाठी मुद्दाम लिहिते. आत गेल्या गेल्या महेशमूर्तीकडे धावू नका. ती दक्षिणेच्या भिंतीत खोल कोनाड्यात आहे आणि मुख्य दार उत्तरेला, त्यामुळे बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी नुसता आकारच दिसतो. दाराशी थोडा वेळ थांबा. उजव्या हाताला नटराज आहे, डावीकडे योगीश्वर, म्हणजे योगासनात बसलेला शिव. दोन्ही खूप फुटलेले आहेत, तरी नटराजाच्या धडाचा बाक बघितला की हातपाय नसूनही नाच कळतो. मला स्वतःला हेच शिल्प सगळ्यात जास्त शिकवून गेलं.

मग खांबांमधून सरळ आत जा. सुमारे साडेपाच मीटर उंचीची मूर्ती अंधारातून हळूहळू पुढे येते. तुमच्या डावीकडचं मुख मिशीवाल्या अघोराचं, म्हणजे शिवाच्या उग्र रूपाचं, उजवीकडचं हातात कमळ घेतलेलं सौम्य, आणि मधलं पापण्या मिटलेलं. मधल्या मुखाचा खालचा ओठ बाबांना जरूर दाखवा. पेन्सिलीने तो जमायला मला फार वेळ लागला. बाजूला अर्धनारीश्वर आणि गंगाधर आहेत. गंगाधराच्या वर तीन मुखांची गंगा आहे, मान वर केल्याशिवाय ती दिसतच नाही. कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचा विवाह, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे. तिथली पार्वतीची किंचित झुकलेली मान चुकवू नका.

पूर्व आणि पश्चिमेलाही उघडी अंगणं आहेत. सकाळी उजेड पूर्वेकडून येतो, दुपारनंतर पश्चिमेकडून, आणि त्याप्रमाणे सावल्या बदलतात. म्हणून सकाळी काढलेलं एखादं चित्र दुपारी त्याच जागेवरून परत काढायला सांगा. घडीचं हलकं स्टूल घेऊन जा, दगडी फरशीवर बसून उठणं गुडघ्याला सोसणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्कामाचा विचार सोडला. डोलीला बाबा आधी नाही म्हणाले, पण फोर्टातल्यांचं वाक्य वाचून दाखवलं तेव्हा तयार झाले. तिथी बघून गुरुवार धरतेय. शेवटचा एक प्रश्न : परतीची गाडी शुक्रवारी रात्रीची आहे. शुक्रवारचा दिवस घारापुरीला धरूनच कुठे घालवता येईल?

प्रतिसाद : फोर्टातला

नक्कीच. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती आता मुंबईत आहे. १८६४मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. ते पुढे १९१४मध्ये जोडले. भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या दारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात तो उभा आहे, सांधे दिसतात. बुधवारी तिथे बंद असतं, शुक्रवार चालेल. तिथून फोर्टात येऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घारापुरीहून आणलेला ब्रह्मा बघा. त्याच्याजवळ बाबांना अगदी समोर उभं राहून चित्र काढता येईल. घारापुरीच्या लेण्यात एक शिलालेखही होता, तो पोर्तुगीजांनी आपल्या राजाकडे पाठवला आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. लेणी कुणी खोदवली यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे तो त्यामुळेच.

भायखळा सकाळी आधी करा, उन्हं चढायच्या आत. संग्रहालयात लिफ्टची चौकशी दारातच करा, म्हणजे बाबांना जिने टाळता येतील.