प्रोस्टेटचे ऑपरेशन रोबोटने करायचे तर आधी काय विचारून घ्यावे?

केळीवाला_रावेर
राम राम मंडळी. वडील ६६ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ११, बायोप्सीत ग्लिसन (कॅन्सर किती आक्रमक याचा गुणांक) ३+४, एमआरआयनुसार गाठ प्रोस्टेटच्या आतच आहे. जळगावचे युरोसर्जन म्हणतात, प्रोस्टेट काढून टाका. ते स्वतः ओपन (मोठा छेद देऊन) करतात, रोबोटने हवे असेल तर नाशिक किंवा मुंबईला जा. डाव्या बाजूला दुर्बिणीतून बसवलेली हर्नियाची जाळी आहे, काचबिंदूचे थेंब सुरू आहेत, रोज ॲस्पिरिन असते. रोबोटने खरेच फरक पडतो का? खर्च, विमा, परतीचा प्रवास, सगळेच विचारायचे आहे.

तिसरा_हात
भाऊ, रोबोट आपल्या मनाने काही कापत नाही. सर्जन त्याच थिएटरमध्ये कन्सोलवर (रोबोट चालवायच्या जागी) बसतो, त्याच्या बोटांची हालचाल यंत्र लहान करून आत पोचवते आणि हाताची थरथर गाळते. पोटावर ८ मिलिमीटरची चार छिद्रे, शिवाय टेबलाजवळच्या असिस्टंटसाठी एक-दोन. प्रोस्टेट पिशवीत घालून बेंबीजवळचे छिद्र तीन-चार सेंटिमीटर वाढवून बाहेर काढतात.

फायदा कुठे होतो ते सांगतो. प्रोस्टेट ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे खोल, अरुंद जागेत असते. ती काढल्यावर मूत्राशयाचे तोंड मूत्रनळीला गोलाकार शिवायचे असते. साध्या दुर्बिणीच्या सरळ अवजारांनी ही शिवण फार कष्टाची होते. रोबोटचे अवजार मनगटासारखे वळते, चित्र त्रिमितीय आणि सुमारे दहापट मोठे दिसते. रक्तस्राव ओपनपेक्षा बराच कमी होतो, मुक्काम लहान राहतो.

लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांबाबत मात्र अपेक्षा ताळ्यावर ठेवा. ब्रिस्बेनमध्ये ओपन आणि रोबोटिकची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यात १२ आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणून शंभर ओपन केलेला हात आणि दहा रोबोटिक केलेला हात यांत मी पहिला निवडेन. सर्जनला थेट विचारा: गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती केल्या? कडेला कॅन्सर राहिल्याचे प्रमाण किती? वर्षभराने किती जणांना एकही पॅड लागत नाही? ‘एक पॅड म्हणजे कोरडा’ असे मोजले असेल तर आकडा फुगतो. बाजूला उभा राहणारा असिस्टंट कोण, हेही विचारा. सक्शन, क्लिपा आणि अवजार बदलणे त्याच्या हातात असते.

जुन्या मॉडेलांत ओढ हाताला जाणवत नाही. किती ताणले ते डोळ्यांनीच ओळखायचे, त्यामुळे नवख्याकडून धागा तुटतो किंवा ऊतक फाटते. २०२४ मध्ये आलेल्या दा विंची ५ या रोबोटमध्ये ती जाणीव काही अवजारांत दिली आहे. आपल्याकडचे, भारतात बनलेले मंत्रा यंत्रही आता चालते. पण ब्रँडवर अडून बसू नका.

जाळीची गोष्ट महत्त्वाची. दुर्बिणीतून बसवलेली जाळी नेमकी त्याच जागेत चिकटलेली असते जिथून मूत्राशय खाली पाडायचा. वेळ वाढतो, त्या बाजूच्या लसिका गाठी काढणे कठीण जाते. हर्नियाचे डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट सोबत न्या. बायोप्सीनंतर साधारण सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण तोवर सूज आणि चिकटपणा असतो. त्याच काळात रेडिएशनवाल्या डॉक्टरांचेही मत घ्या; या टप्प्यावर तोही बरोबरीचा पर्याय आहे.

भूलवाला
काचबिंदूचे लिहिलेत ते बरे झाले. बरेच जण हे सांगतच नाहीत. या ऑपरेशनमध्ये डोके २५ ते ३० अंश खाली, पाय वर, पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड, आणि हे सगळे तीन-चार तास. डोळ्याचा दाब चढतो. आधी नेत्रतज्ज्ञाकडून दाब मोजून चिठ्ठी घ्या, सकाळचे थेंब चुकवू नका. चेहरा आणि घसा सुजतो, म्हणून श्वासाची नळी कधी कधी उशिरा काढतात. नातेवाइकांनी ते पाहून घाबरू नये.

यंत्राचे हात पोर्टला (छिद्रांत बसवलेल्या नळ्यांना) जोडले की बहुतेक ठिकाणी टेबल हलवता येत नाही आणि रुग्णाने जराही हललेले चालत नाही. त्यामुळे स्नायू पूर्ण सैल ठेवतो. हृदय अचानक बिघडले तर आधी अवजारे काढून, हात सोडवून मगच छाती दाबता येते. हा सराव तुमच्याकडे होतो का, हे बेधडक विचारा.

ॲस्पिरिन मनाने बंद करू नका. स्टेंट असेल तर हृदयतज्ज्ञ ठरवतील.

क्लेम_डेस्क_धुळे
१ ऑक्टोबर २०२० पासून रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही. आयआरडीएआयने (विमा नियामकाने) आधुनिक उपचारांच्या यादीत तिला घेतले. पण कंपनी त्यावर वेगळी मर्यादा घालू शकते आणि खरी मेख तिथेच आहे. पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ शीर्षकाखाली रक्कम बघा. पाच लाखांच्या पॉलिसीत तिथे एक लाखच लिहिलेला असू शकतो.

पूर्वमंजुरीआधी हॉस्पिटलकडून फोड करून अंदाजपत्रक घ्या: सर्जनची फी, रोबोट चार्ज, अवजारे, एकदाच वापरायची सामग्री. अवजारात चिप असते, ठरावीक वापर झाले की यंत्र ते स्वीकारत नाही. त्यामुळे त्याचा खर्च रुग्णांवर वाटला जातो. जन आरोग्य योजनेत नेत असाल तर वरचे पैसे लागतील का, हे आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

तापीकाठ
मधेच विचारतो. आमच्या काकूंना पित्ताशयाचे खडे आहेत, तेही रोबोटनेच करा म्हणताहेत.

तिसरा_हात
साध्या खड्यांना साधी दुर्बीण पुरते, जास्तीचे पैसे कशाला? किडनीचा फक्त गाठीचा भाग काढायचा असेल तर रोबोट कामाचा. रक्तपुरवठा अडवून अर्ध्या तासाच्या आत कापून शिवायचे असते. आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये उलटेच आहे: २०१८ च्या मोठ्या चाचणीत दुर्बीण-रोबोट गटाची जगण्याची शक्यता ओपनपेक्षा कमी निघाली.

केळीवाला भाऊ, आता परतीचे. कॅथेटर (लघवीची नळी) साधारण सात ते दहा दिवस राहतो. मुंबईहून रावेरला आणताना खालचा बर्थ घ्या, पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली ठेवा, नळीला पीळ नको. पिशवी निम्मी भरली की रिकामी करा. मे महिना असेल तर पाणी वाढवा, तासा-दोन तासाला डब्यात चालवा. पोटरी एकाच बाजूने सुजली किंवा धाप लागली तर वाट पाहू नका. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शने लिहून दिली असतील तर घरीही चालू ठेवा. झणझणीत शेवभाजी काही दिवस नको, कारण जुलाब आणि कुंथणे दोन्ही शिवणीला वाईट. बद्धकोष्ठ झाले तरी एनिमा देऊ नका, पोटातून घ्यायचे औषध द्या.

नळी बंद पडली किंवा निसटली तर गावातल्या दवाखान्यात दुसरी घालू देऊ नका. आंधळेपणाने घातलेली नळी ताजी शिवण फाडते. आधी सर्जनला फोन करा. डिस्चार्ज कार्डवर रात्रीचा नंबर लिहून घ्या. ओटीपोटाच्या तळाच्या (लघवी रोखून धरणाऱ्या) स्नायूंचे व्यायाम आजच सुरू करा, नळी असेपर्यंत थांबवा, काढल्यावर पुन्हा. पहिला पीएसए साधारण सहा आठवड्यांनी, पुढचे सगळे त्याच लॅबमध्ये.