जुन्या डिझेल एसयूव्हीत तेच ते बिघाड पुन्हा पुन्हा येत आहेत : मूळ कारण शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्याकडे लॅडर फ्रेमवर बांधलेली, मॅन्युअल गिअरची, फोर बाय फोर डिझेल एसयूव्ही आहे. गाडीला १४ वर्षे झाली असून रनिंग दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेले आहे. इंजिन कॉमन रेल आहे आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) व्हेरिएबल जिऑमेट्रीचा आहे. ऑइल आणि फिल्टर नेहमी वेळेवर बदलले गेले आहेत. इंजिन आजही पहिल्या सेल्फला सुरू होते, ऑइल खात नाही, क्लच आणि गिअरबॉक्स यांनीही कधी त्रास दिलेला नाही. त्यामुळे गाडी काढून टाकण्याचा विचार माझ्या मनात नाही. मात्र तीन तक्रारी अशा आहेत की दुरुस्ती झाल्यावर काही आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग तीच तक्रार जशीच्या तशी परत येते. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझा प्रश्न एका विशिष्ट गाडीपेक्षा निदान कसे करावे याविषयी अधिक आहे.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार कूलंटची आहे. टाकीतील कूलंटची पातळी हळूहळू खाली जाते. पण गाडीखाली थेंब दिसत नाही, होजच्या जोडांवर वाळलेल्या कूलंटचे डाग नाहीत आणि आतील हीटरखालचे कार्पेटही कोरडे आहे. सपाट रस्त्यावर आणि अगदी तुंबलेल्या रहदारीतही टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. मात्र लांबलचक चढावर, गाडी भरलेली असताना, तो वर सरकू लागतो. या एका तक्रारीपायी आधी थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप आणि शेवटी रेडिएटर असे तिन्ही भाग बदलून झाले आहेत. दोन गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत आणि त्या महत्त्वाच्या असाव्यात असे मला वाटते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी उघडून रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहिला, तर तो पूर्ण थंड असूनही टणक लागतो. शिवाय सकाळी गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर येतो आणि त्याला किंचित गोडसर वास असतो. डिपस्टिकवरचे ऑइल मात्र स्वच्छ आहे, त्याला दुधाळपणा आलेला नाही.

दुसरी तक्रार पिकअपची आहे. चढावर जोर लावला की अचानक गाडीतील दम निघून जातो, इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवण्यासाठी ताकद मुद्दाम कमी केलेल्या अवस्थेत) जाते. इग्निशन बंद करून पुन्हा सुरू केले की काही काळ सर्व ठीक चालते. स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचा कोड येतो. हा कोड पाहून गॅरेजने टर्बो बदलण्याचा सल्ला दिला, त्यानुसार टर्बो बदलला गेला आणि तरीही तोच कोड परत आला आहे.

तिसरी तक्रार म्हणजे ७० ते ८० किलोमीटर वेगाच्या दरम्यान सीटखाली आणि फ्लोअरमध्ये जाणवणारे बारीक कंपन, तसेच थांबलेली गाडी उचलताना मागून येणारा ‘खट्ट’ असा आवाज. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) दोन्ही क्रॉस (टोकांचे फिरते सांधे) बदलले, चाकांचे बॅलन्सिंगही करून घेतले. आवाज कमी झाला, पण कंपन गेले नाही. उलट क्रॉस बदलल्यानंतर ते अधिक जाणवते, असे माझे मत आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे की, काढलेला भाग खरोखर खराब होता का, हे कोणीही मोजून दाखवत नाही. कोड पाहायचा, त्या कोडशी जोडलेला सर्वांत महाग भाग बदलायचा आणि तक्रार परत आली की पुढच्या भागाकडे वळायचे, असाच क्रम चालू आहे. जाणकारांना माझी विनंती आहे की, कोणता भाग बदलावा यापेक्षा कोणती तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि तिचा निकाल कसा वाचावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, आपण लक्षणे फार नेमकी लिहिली आहेत. त्यावरून मला असे वाटते की पहिल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या नसून एकाच ठिकाणाहून येत असाव्यात, आणि ते ठिकाण म्हणजे ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा एक्झॉस्ट वायू कूलंटने थंड करणारा भाग). तिसरी तक्रार स्वतंत्र आहे.

थंड इंजिनचा होज टणक असण्याला फार मोठा अर्थ आहे. कूलंट तापल्यावर फुगतो आणि दाब वाढतो, पण रात्रभरात इंजिन थंड झाले की तो दाब उतरून होज मऊ पडायला हवा. तो टणकच राहत असेल तर आत कूलंटखेरीज एखादा वायू शिरला आहे, आणि तो वायू बहुधा ज्वलनाचा असतो. तो हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलमधून) येतो किंवा ईजीआर कूलरला गेलेल्या तड्यातून. रहदारीत काटा स्थिर राहतो, याचा अर्थ फॅन आपले काम करतो आहे. चढावर भार पडला की सिलिंडरमधील आणि एक्झॉस्टमधील दाब वाढतो, वायू अधिक प्रमाणात कूलंटमध्ये ढकलला जातो, हेडमध्ये हवेचे कप्पे तयार होतात आणि मग टेम्परेचर वर जाते. अशा वेळी नवा रेडिएटर बसवून काय उपयोग होणार?

आता दुसऱ्या तक्रारीशी याचा संबंध कसा, ते सांगतो. ईजीआर कूलर एक्झॉस्टमधील गरम वायू थंड करून पुन्हा इनटेककडे पाठवतो. त्याला आतून तडा गेला की कूलंट त्या मार्गात झिरपतो, काजळीत मिसळून तिचा चिकट लगदा होतो आणि ईजीआर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की टर्बोचे चाक फिरवण्यासाठी जो एक्झॉस्ट वायू मिळायला हवा, त्यातील काही भाग आधीच इनटेककडे निघून जातो. टर्बो नवा कोरा असला तरी दाब तयार होत नाही आणि स्कॅनरवर पी०२९९ दिसतो. कोड फक्त ‘दाब कमी आहे’ एवढेच सांगतो. टर्बो खराब आहे असे तो कधीही सांगत नाही, आणि नेमके हेच वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

तपासणीचा क्रम मी असा ठेवीन. सर्वप्रथम, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब भरावा आणि काही तास तसाच ठेवून काटा उतरतो का ते पाहावे. झाकणाचीही वेगळी चाचणी त्याच पंपावर होते आणि ती टाळू नये. सिस्टिममध्ये १ बारचा जादा दाब असेल तर साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून दाब न धरणारे झाकण एकट्यानेही गाडी गरम करू शकते. गरम इंजिनचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. उसळणाऱ्या कूलंटने चेहरा आणि हात गंभीररीत्या भाजतात.

दाब उतरत असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर दाब तसाच ठेवून ईजीआर व्हॉल्व्ह काढावा आणि टॉर्चने आत पाहावे. निरोगी इंजिनात तिथे कोरडी, काळी काजळी असते. गळका कूलर असेल तर ती काजळी ओलसर किंवा डांबरासारखी चिकट दिसते, किंवा मधल्याच एखाद्या जागी धातू धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. त्यानंतर कूलर काढून त्याची कूलंटची तोंडे बंद करावीत आणि आत हवा भरून तो गरम पाण्यात बुडवावा. गरम पाणी यासाठी की काही तडे धातू प्रसरण पावल्यावरच उघडतात आणि थंड पाण्यात तोच कूलर निर्दोष ठरतो.

कूलंटमधील ज्वलनवायू ओळखण्यासाठी रंग बदलणाऱ्या द्रावाची चाचणीही करतात. डिझेलबाबत तिच्यात एक अडचण आहे. डिझेल इंजिन आयडलिंगवर भरपूर जादा हवेत चालते, त्यामुळे वायूत कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि चाचणी खोटी दिलासादायक ठरू शकते. गाडी चढावर नीट तापवून आणल्यावर लगेचच ती करावी, आणि झाकण न उघडता ओव्हरफ्लो टाकीवरून वायू घेता येतो का, हे मेकॅनिकला विचारावे. हा द्राव गॅस्केट आणि ईजीआर कूलर यांत फरक करत नाही, म्हणून कूलरची चाचणी झाल्याशिवाय हेड खोलायला परवानगी देऊ नये.

प्रतिसाद २

मी केवळ कंपनाविषयी लिहितो, कारण माझ्या गाडीत हाच प्रकार झाला होता.

मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला कंपन येते, तोच वेग ठेवून आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवावी. इंजिनचे फेरे बदलले तरी कंपन त्याच वेगाला येत असेल, तर दोष इंजिन-क्लचमध्ये नसून गिअरबॉक्सनंतरच्या भागांत, म्हणजे शाफ्ट, डिफरेन्शियल (शाफ्टची गती चाकांना वाटून देणारा गिअरसंच) किंवा चाकांमध्ये आहे. स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांकडे पाहावे. सीट आणि फ्लोअरमध्ये बारीक झिणझिण्या जाणवत असतील तर शाफ्टकडे. ७५ किलोमीटर वेगाला अशा गाडीचे चाक सेकंदाला साधारण ९ फेरे घेते, पण डिफरेन्शियलचे गुणोत्तर ४ च्या आसपास असेल तर शाफ्ट सुमारे ३६ फेरे घेतो, म्हणून त्याचे कंपन इतके बारीक असते.

क्रॉस बदलल्यावर कंपन वाढले, हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. क्रॉस बदलताना शाफ्टचा सरकणारा दातेरी सांधा वेगळा केला गेला असेल आणि पुन्हा जोडताना एक-दोन दाते पुढेमागे बसला असेल, तर शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका प्रतलात राहत नाहीत. एका क्रॉसमुळे वेगात येणारा चढउतार दुसऱ्या क्रॉसने पुसला जायला हवा, तो पुसला जात नाही आणि प्रत्येक फेऱ्याला दोनदा धक्का बसतो. बऱ्याच शाफ्टवर दोन्ही बाजूंना जुळवणीच्या खुणा कोरलेल्या असतात. गाडीखाली शिरून, घाण पुसून त्या एका रेषेत आहेत का ते पाहायला पाच मिनिटे पुरतात. खुणा जुळत असतील तर शाफ्ट बॅलन्सिंगला द्यावा. क्रॉसच्या कपांभोवती तांबूस पूड दिसली तर आत ग्रीस पोचलेले नाही आणि नवे क्रॉसही लवकरच जाणार, असे समजावे. ‘खट्ट’ आवाज त्या सरकत्या सांध्यात ग्रीस नसल्यामुळेही येतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, पण या सर्व कामांवर खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट करावी. गाडी लिफ्टवर चढवून फ्रेमच्या मागच्या भागावर, विशेषतः सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ आणि चिखल साचणाऱ्या कोपऱ्यांत, लहान हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर फ्रेम शाबूत आहे. आवाज बसका आला किंवा गंजाचे पापुद्रे सुटू लागले, तर इंजिन कितीही चांगले असले तरी त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागालेखिकेचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. फ्रेम तपासून घेतली. ती चांगल्या स्थितीत आहे. गॅरेजला मी या वेळी भाग न सांगता केवळ चाचण्या सांगितल्या, आणि प्रत्येक आकडा लिहून द्यावा व काढलेला भाग परत द्यावा, अशी अट घातली. कुरकुर झाली, पण त्यांनी मान्य केले.

झाकण निर्दोष निघाले. थंड इंजिनवर भरलेला दाब हळूहळू उतरत गेला. ईजीआर व्हॉल्व्ह काढल्यावर तो काळ्या, चिकट लगद्याने अर्धवट उघडा अडकलेला मिळाला आणि त्यामागच्या पाइपच्या तळाशी एक पट्टा अगदी घासून काढल्यासारखा लखलखीत होता. कूलर थंड पाण्यात स्वस्थ राहिला. गरम पाण्यात मात्र एका टोकाकडून बुडबुड्यांची बारीक माळ सुरू झाली. नवा कूलर मागवला आहे आणि इनटेक मॅनिफोल्डही त्याच वेळी स्वच्छ करून घेणार आहे. हेडला तूर्त हात लावायचा नाही, असे ठरले आहे.

शाफ्टवरील खुणा जुळत नव्हत्या. सांधा पुन्हा खुणेवर बसवून ग्रीस भरल्यावर आवाज गेला आणि कंपन बरेच कमी झाले. मात्र मागे सामान भरले की ते अजूनही थोडे जाणवते. मागचे पाटे जुने असून गाडी मागून काहीशी बसलेली दिसते. पाटे बसल्यामुळे डिफरेन्शियलच्या तोंडाचा कोन बदलून असे कंपन येऊ शकते का? येत असेल, तर पाटे बदलण्यापूर्वी तो कोन कुठे आणि कशाने मोजावा, आणि गाडी रिकामी असताना मोजावा की भरलेली असताना, हे कृपया कोणी सांगू शकेल का?