दुसरीतल्या मुलीला गणिताच्या स्पर्धेला बसवावे का?

विषय: इयत्ता दुसरी आणि गणिताच्या स्पर्धा

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी यंदा दुसरीत आहे. वर्गात दिलेला गणिताचा कागद ती इतरांच्या बराच आधी संपवते आणि उरलेला वेळ मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढत बसते. पालकसभेत बाईंनी “हिला काहीतरी वरचे द्या” असे सांगितले, पण वरचे म्हणजे नेमके काय, हे त्यांनाही सांगता आले नाही. गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत तीन-चार पालकांना विचारले, तर प्रत्येकाचे उत्तर निराळे निघाले: कुणी कुमॉन म्हणाले, कुणी रशियन स्कूल ऑफ मॅथेमॅटिक्स (हे दोन्ही शिकवणीचे वर्ग), कुणी मॅथ कांगारू ही स्पर्धा, आणि एकांनी तर आतापासूनच एएमसी आठ या दुसऱ्या स्पर्धेची तयारी सुरू करा असे सुचवले.

सात वर्षांच्या मुलीला स्पर्धेला बसवणे योग्य आहे का, असल्यास कोणत्या स्पर्धेला, आणि आठवड्यातून तास-दीड तासच हाताशी असेल तर घरी काय करावे, हे माझे प्रश्न आहेत. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. मला स्वतःला शाळेत गणिताची धास्ती होती आणि ती माझ्याकडून तिच्याकडे जाऊ नये, याची मला फार काळजी वाटते. ज्यांची मुले या वयातून पुढे गेली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

आपली,
दुसरीतल्या मुलीची आई

————

उत्तर: इयत्ता दुसरी आणि गणिताच्या स्पर्धा

ताई, नमस्कार.

हा प्रश्न दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर कुणी ना कुणी विचारतेच, आणि गाडीपाशी उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून आज सविस्तर लिहितो. गेली काही वर्षे मी शनिवारी सकाळी गावच्या ग्रंथालयात पहिली ते चौथीच्या मुलांचा गणिताचा गट चालवतो. पुढचे सारे त्या अनुभवावरून लिहिले आहे.

मुलीला मॅथ कांगारूला अवश्य बसवा, आणि एएमसी आठचा विचार निदान पाचवीपर्यंत मनातून काढून टाका. एएमसी आठमध्ये 40 मिनिटांत 25 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट मिळते. ती परीक्षा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आखलेली आहे. खालच्या इयत्तांना मज्जाव नसल्यामुळे तिसरी-चौथीतली मुलेही तिला बसतात, त्यांचे गुण व्हॉट्सॲपवर फिरतात आणि बाकीच्या आईवडिलांना उगाचच आपले मूल मागे पडल्यासारखे वाटू लागते. ज्या मुलाची अजून अपूर्णांकांशीही नीट ओळख झालेली नाही, त्याच्याकडून संभाव्यतेचे आणि शेकडेवारीचे प्रश्न सोडवून घ्यायचे असतील, तर युक्त्या पाठ करून घेण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही, आणि अशी पाठ केलेली युक्ती प्रश्नाचे रूप जरा बदलले की निकामी ठरते.

कांगारूची घडणच वेगळी आहे. 1991 साली फ्रान्समध्ये आंद्रे देलेदिक आणि झाँ-पिएर बुदीन या दोघांनी ती सुरू केली. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेवरून कल्पना सुचली म्हणून तिला कांगारूचे नाव दिले. अमेरिकेत ती 1998 पासून होते आहे. परीक्षा मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी असते. पहिली ते चौथीच्या मुलांना 75 मिनिटांत 24 प्रश्न सोडवायचे असतात. पहिले आठ तीन गुणांचे, पुढचे आठ चार गुणांचे आणि शेवटचे आठ पाच गुणांचे, असे एकूण 96 गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे भिऊन प्रश्न सोडून देण्याचे कारण नाही. खालच्या इयत्तांचे प्रश्न बहुतांशी चित्रांचे असतात: कागद दुमडून कातरला तर उलगडल्यावर कसा दिसेल, ठोकळ्यांचा मनोरा मागच्या बाजूने कसा दिसेल, यासारखे. बेरीज-वजाबाकी थोडी लागते, विचार पुष्कळ लागतो. मागील वर्षांचे काही प्रश्न त्यांच्या संकेतस्थळावर नमुन्यादाखल मिळतात आणि सरावाला तेवढे पुरेसे आहेत. नोंदणी मात्र परीक्षेच्या बरीच आधी करावी लागते, आणि आपल्या भागातल्या केंद्रांवरच्या जागा लवकर भरतात.

विचार पुष्कळ लागतो म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हा प्रश्न घालतो: रांगेत एक मुलगी पुढून चौथी आणि मागून सहावी आहे, तर रांगेत एकूण किती मुले? पाढे आणि बेरजा तोंडपाठ असलेली मुले प्रश्न संपायच्या आतच “दहा” म्हणून मोकळी होतात. एखादे मूल मात्र काहीही न बोलता कागदावर टिंबे काढते, चौथ्या टिंबाला दोन वेण्या काढते, तिच्यामागे पाच टिंबे मांडते, मोजते आणि हळूच “नऊ” म्हणते. मग मी “बरोबर” किंवा “चूक” असे काहीच न म्हणता दोघांना एकमेकांची समजूत पटवायला सांगतो. त्या मुलीला आपण दोनदा मोजले हे एका मुलाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे मला फार मोलाचे वाटते. स्पर्धेच्या कागदावर या प्रश्नाचे तीन गुण मिळतात. गटात त्यावर अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास मी कधीच आवरता घेत नाही.

घरी काय करावे, याचे उत्तर आपल्या देवळालीच्या कापरेकरांकडे आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शाळामास्तर. त्यांनी शोधलेली 6174 ही संख्या आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल: चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे, फार तर सात वेळा केले की 6174 येतेच. मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभरच्या वाचकांना त्यांची ओळख झाली.

दुसरीतल्या मुलीला चार अंकी वजाबाकी जड जाईल, म्हणून दोन अंकी संख्येपासून सुरुवात करा. 52 घ्या. 52 वजा 25 म्हणजे 27. मग 72 वजा 27 म्हणजे 45. मग 54 वजा 45 म्हणजे 9. ते 09 असे लिहा, म्हणजे पुढे 90 वजा 09 करता येते, त्याचे 81. मग 81 वजा 18 म्हणजे 63, आणि 63 वजा 36 म्हणजे पुन्हा 27. इथे कुठल्याही एका संख्येवर येऊन थांबणे नाही. 27, 45, 09, 81, 63 अशी फेरी चालूच राहते. मुलीला दुसरी कोणतीही संख्या निवडू द्या (दोन्ही अंक सारखे नसले म्हणजे झाले), ती याच फेरीत येऊन पडेल. या खेळात हातच्याच्या वजाबाक्या इतक्या होतात की तेवढ्या एखाद्या वर्कशीटवर दिल्या असत्या तर मूल कंटाळून गेले असते.

थोड्या वेळाने कुणीतरी म्हणते की ही सगळी तर नऊच्या पाढ्यातली उत्तरे आहेत. कुणाच्या लक्षात येते की 52, 63 आणि 74 या तिघांचेही पहिले उत्तर 27 च येते. असे का होते, हे सात वर्षांच्या मुलालाही पुरतेपणी समजू शकते. टेबलावर पाच डाइम (दहा सेंटची नाणी) आणि दोन पेनी (एक सेंटची नाणी) ठेवा, म्हणजे 52 सेंट. यांचे 25 करायचे तर दोन डाइम आणि पाच पेनी हवेत, म्हणजे तीन डाइम उचलून त्यांच्या जागी तीन पेनी ठेवायच्या. एका डाइमच्या जागी पेनी आली की नऊ सेंट कमी होतात. अशी अदलाबदल तीनदा झाली, म्हणून 27 कमी झाले. 63 मध्येही अंकांतला फरक तीनच आहे, म्हणून तिथेही 27. बीजगणिताचे एक अक्षरही न वापरता ही पूर्ण सिद्धता झाली. “वरचे द्या” असे आपल्या मुलीच्या बाई म्हणाल्या, त्याचा मी तरी हाच अर्थ घेईन: पुढच्या इयत्तेचे पुस्तक आज उघडण्यापेक्षा आजच्याच वजाबाकीत खोल उतरणे.

आपल्या धास्तीविषयी लिहितो. 2015 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पालकांना गणिताची भीती होती आणि जे मुलांचा गृहपाठ वारंवार करून घेत होते, त्यांची मुले वर्षभरात कमी शिकली आणि वर्षाअखेरीस त्यांच्याही मनात भीती वाढलेली आढळली. भीती असूनही जे पालक गृहपाठात फारसे पडत नव्हते, त्यांच्या मुलांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणून गृहपाठ तपासण्याचे काम आपण अंगावर घेऊ नका. वरच्यासारखा खेळ मांडा आणि तिला “मला समजावून सांग” म्हणा. आपल्याला उत्तर माहीत नसले तर ते अधिकच चांगले.

कुमॉन आणि रशियन स्कूल यांच्याविषयी थोडक्यात एवढेच, की पहिल्यात रोजच्या सरावाने हिशेबाचा हात बसतो, दुसऱ्यात शिक्षकासमोर बसून कारणे द्यावी लागतात, आणि ज्या घराला ते वेळापत्रक झेपते त्याने जरूर जावे. आपल्याजवळ आठवड्यातून तासच असेल, तर तो एकाच चांगल्या प्रश्नावर घालवा.

आपला,
शनिवारच्या गटाचा शिक्षक

————

उत्तर: इयत्ता दुसरी आणि गणिताच्या स्पर्धा

नमस्कार.

वरील पत्र मनापासून आवडले, तरी काही बाबतींत माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे मला आवश्यक वाटते. आमच्यापैकी अनेकजण महाराष्ट्रातल्या लहान गावांतून चौथीच्या स्कॉलरशिपला बसून पुढे आलो. (मध्यंतरी काही वर्षे ही परीक्षा पाचवीला आणि आठवीला होत असे.) भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी यांचे ते पेपर घड्याळ लावूनच सोडवावे लागत, गुरुजी शाळा सुटल्यावर जादा तास घेत, आणि त्या सरावामुळेच आपल्यालाही काही येते असा विश्वास आमच्यासारख्यांना पहिल्यांदा वाटला. वेळेचे बंधन सरसकट वाईट ठरवू नये. इथल्या शाळांत पाठांतराला इतके दुय्यम स्थान दिले जाते की चौथीतल्या मुलाला सात आठे छप्पन्न हे बोटांवर मोजावे लागते. अशा मुलाला विचार करायला वेळ उरणार तरी कुठून?

शिवाय नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या मॅथ बी या गणिताच्या स्पर्धेचा उल्लेख राहून गेला. भारतीय वंशाच्या मुलांसाठीची ही संस्था 1989 पासून काम करते, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तिथे वेगळी पातळी आहे, आणि संस्था भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

माझी सूचना अशी, की रविवारच्या मराठी शाळेला जोडून मंडळाने कांगारूच्या तयारीचा वर्ग सुरू करावा. शिकवणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

आपला,
आता हायस्कुलात असलेल्या दोन मुलांचा बाबा

————

उत्तर: इयत्ता दुसरी आणि गणिताच्या स्पर्धा

दादा, नमस्कार.

पाढ्यांविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. तिसरी संपेपर्यंत दहापर्यंतचे पाढे सहज आले पाहिजेत, आणि ते मराठीतून म्हटले तर चालीमुळे लवकर बसतात, असा माझ्या गटातल्या मराठी मुलांचा अनुभव आहे. आजोबांना पावकी-निमकी येत असेल तर तीही मुलांना ऐकवावी. एकाच्या चौथ्या भागाचे आणि अर्ध्याचे पाढे असू शकतात, या गोष्टीचे मुलांना मोठे नवल वाटते आणि अपूर्णांकांची भीती तिथेच कमी होते. मॅथ बी राहून गेली होती, तिची आठवण आपण करून दिलीत हे चांगले झाले.

वर्गाविषयी मात्र माझा आग्रह वेगळा आहे. स्कॉलरशिपच्या त्या जादा तासांचे मोल मी जाणतो. ज्या गावात गणिताचे दुसरे पुस्तकही मिळत नव्हते, तिथे गुरुजींनी आणलेल्या प्रश्नसंचामुळे नवे दार उघडले. आपल्या मुलांची अडचण त्याच्या उलट आहे: त्यांच्यापुढे प्रश्नसंचांची रास आहे, आणि एका प्रश्नाजवळ थांबायला सवड नाही. शिवाय मंडळाचा वर्ग कांगारूच्या तयारीचा म्हणून सुरू झाला, की मार्चनंतर तो रिकामा होईल आणि ज्यांचे गुण कमी आले ती मुले पुढच्या वर्षी येणार नाहीत. पहिलीतच “मला गणित येत नाही” असे ठरवून बसलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांना परत आणायला फार वेळ लागतो.

त्याऐवजी मंडळाने स्पर्धेविना गणिताचा कट्टा भरवावा. पूर्व युरोपात मुलांनी एकत्र जमून गणित सोडवण्याच्या गटांची, म्हणजे गणितमंडळांची, परंपरा जुनी आहे, आणि तिथून आलेल्या माणसांनी ती इथे रुजवली. बर्कलीचे गणितमंडळ 1998 साली सुरू झाले. 2007 पासून गणितज्ञ ज्युलिया रॉबिन्सन यांच्या नावाने जे गणित महोत्सव भरतात, त्यांत टेबलांवर कोडी मांडलेली असतात, मूल हव्या त्या टेबलाशी हवा तेवढा वेळ बसते, आणि गुण किंवा क्रमांक दिले जात नाहीत. आपल्या मुलींना ज्युलिया रॉबिन्सन यांच्याविषयी जरूर सांगावे: अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्षा. हा नमुना आपल्या सभागृहात सहज बसेल. ज्यांना स्पर्धा हवी, त्यांनी कांगारूची नोंदणी आपापली करावी, आणि चौथीत गेल्यावर मोएम्स ही शाळा-गटांची गणित स्पर्धा आहेच. तिथे नोव्हेंबर ते मार्च दरमहा अर्ध्या तासात पाच प्रश्न असतात, आणि नाव गटाने नोंदवायचे असते. तोवर कट्ट्यात मुरलेली मुले असली, तर मंडळाचाच गट उभा राहील आणि आपल्याला हवा तो घड्याळाचा सरावही तिथे योग्य वयात होईल.

मराठी शाळेच्या संचालिकांशी माझे बोलणे झाले आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळा सुटल्यावर मागची खोली तासभर मिळू शकते. चार टेबले मांडता येतील: एकावर कापरेकरांच्या वजाबाक्या आणि डाइम-पेनी, एकावर कागद दुमडणे, एकावर ठोकळे, आणि चौथे आपण चालवावे अशी विनंती आहे, पाढ्यांतले नमुने शोधण्याचा खेळ त्यावर मांडता येईल. प्रत्येक टेबलाशी एक मोठे माणूस हवे आणि त्याने उत्तर सांगायचे नाही, एवढी एकच अट राहील. ताई, आपल्याला गणित येण्याची आवश्यकता नाही. दुमडण्याच्या टेबलाशी आपण बसलात तर मला आनंद होईल. ज्यांना यायचे आहे त्यांनी मुलाची इयत्ता आणि आपण स्वतः कोणत्या टेबलाशी बसू शकाल, हे या आठवड्यात याच पत्राला उत्तर देऊन कळवावे. रंगीत लाकडी ठोकळे कुणाच्या घरी पडून असतील तर तेही हवे आहेत.

आपला,
शनिवारच्या गटाचा शिक्षक