कट, बंड, उठाव की सत्तापालट?

जपानमधल्या २६ फेब्रुवारी १९३६ च्या प्रकरणावर लिहितेय. तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी टोकियोत जे केलं त्याला मराठीत नक्की काय म्हणायचं? 'फसलेला कट' लिहिलंय पण मनाला पटत नाहीये. 'तख्तापालट' तर सरळ हिंदी वाटतं.

— कट नाही हो ताई. कट शिजतो, फुटतो, उधळला जातो, सगळं बंद दाराआड. इथे पहाटे बर्फात जवळजवळ दीड हजार सैनिक बराकीतून बाहेर पडले, ८१ वर्षांच्या अर्थमंत्री ताकाहाशींना घरात घुसून मारलं, पंतप्रधान ओकादा वाचले ते त्यांचे मेहुणे तेच समजून मारले गेले म्हणून, आणि चार दिवस राजधानीचा मधला भाग यांच्या ताब्यात. एवढं झाल्यावर कट कसला, बंड! कट म्हणायचाय तर ऑक्टोबर १९३१ चा. लष्करी अधिकारी हाशिमोतो किंगोरो आणि त्याची साकुराकाई ही अधिकाऱ्यांची गुप्त संघटना, मंत्रिमंडळ उडवून जनरल अराकीला पंतप्रधान करायचं ठरलेलं, आधीच फुटलं आणि पकडले गेले. हाशिमोतोला शिक्षा किती, तर २० दिवस नजरकैद. शाळेतसुद्धा याहून जास्त होते.

— 'सत्तापालट' पण नको. तो झाला तरच सत्तापालट, 'फसलेला सत्तापालट' म्हणजे न झालेलं लग्न. शिवाय तो आमच्या ग्रामपंचायतीत पण होतो, मतं मोजून.

— बंड म्हटलं की सरकारची बाजू घेतली ना पण? १८५७ ला बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर यावर आपल्याकडे अजून भांडणं चालतात. 'उठाव' म्हणा.

— गंमत म्हणजे हाच घोळ जपानी सैन्याने स्वतः घातला होता. सुरुवातीला वरिष्ठांमधल्याच काहींना सहानुभूती, म्हणून शब्द वापरला 'केक्की बुताई', म्हणजे उठून उभी राहिलेली पलटण, आपला उठावच की. पण सम्राट पहिल्यापासून भडकलेले, मोडून काढा म्हणत होते, मग कागदोपत्री शब्द बदलत बदलत 'हानरान' वर आला, म्हणजे चक्क बंड. माणसं तीच, रस्ते तेच, चार दिवसांत नाव फिरलं! आणि इतिहासात राहिलं काय तर 'नि-निरोकु जिकेन', नि-निरोकु म्हणजे दोन-सव्वीस, तारीख, आणि जिकेन म्हणजे नुसतं प्रकरण. तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंय तेच.

— म्हणजे मी नकळत बरोबर होते 😄 मग १९३६ ला बंड आणि १९३१ ला कट असं करते. फक्त १९३१ च्या मंडळींनाही 'तरुण अधिकारी' म्हणणं खटकतंय, हाशिमोतो तेव्हा ४१ चा होता.

— चालतंय की, आपल्याकडे त्या वयात युवा नेते असतात.