[मंडळ] आई-बाबा येताहेत: केर्न्सची बेटाची सहल झेपेल का?

प्रेषक: बजाजनगरची लेक, ब्रिस्बेन

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे महिन्यात नागपूरहून सहा आठवड्यांसाठी ऑस्ट्रेलियाला येताहेत. यंदा त्यांना ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे इथल्या समुद्रातली प्रवाळाची रांग, दाखवायचीच, असं ठरवलंय. केर्न्सला तीन दिवस राहू. त्यातला एक दिवस बोटीचा: सकाळी बेटावर, दुपारभर वाळू आणि स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघणं), संध्याकाळी परत.

अडचण अशी, की आई ६४ ची, बाबा ७० चे आणि दोघांनाही पोहता येत नाही. बाबांना एक स्टेंट आहे. पाण्याशी त्यांचा संबंध म्हणजे संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर मक्याचं कणीस. फोनवर म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी काठावर पेपर वाचत बसतो." एवढं तिकीट काढून पेपरच वाचायचा, तर बजाजनगरची गॅलरी काय वाईट आहे?

कोणी आपल्या आई-वडिलांना नेलंय का? ग्रीन आयलंड बेट बरं, की लांबच्या रीफवरचं पाँटून, म्हणजे समुद्रातला तरंगता मंच? आईला गाडीसुद्धा लागते, हे आधीच सांगते.

---

प्रेषक: सनशाइन कोस्ट

आम्ही पाँटूनवर गेलो होतो. प्रवाळ तिथलंच पाहावं, ग्रीन आयलंड म्हणजे फक्त गर्दी. जायला दीड ते दोन तास लागतात खरे, पण पाणी काचेसारखं. न पोहणाऱ्यांसाठी अर्धी पाण्यात बुडालेली काचेची बोट असते, तीत बसायचं की झालं.

---

प्रेषक: धरमपेठवाली काकू, नागपूर

अगं बजाजनगरच्या लेकी,

मी नऊ वर्षं तिकडे राहून नागपूरला परत आले. मंडळाची वर्गणी अजून भरते, म्हणून उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजते. इथे एप्रिलमध्येच पारा चढून राहिला आहे आणि कूलरसमोर बसून समुद्राविषयी लिहायला बरं वाटतं.

आम्ही दोघं २०२३ च्या मे महिन्यात ग्रीन आयलंडला गेलो. मी तेव्हा ६६ ची, हे ७१ चे. पाँटूनवाल्यांचं म्हणणं चूक नाही, पण त्यांच्या आई-वडिलांना बोट लागत नसावी. ग्रीन आयलंड केर्न्सपासून २७ किलोमीटर, मोठ्या कॅटामरानने, म्हणजे जोडबोटीने, पाऊण तास. तेवढ्यातही हवा असेल तर पोट ढवळतं. एप्रिलपासून पुढे तिथे आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो, म्हणजे तुम्ही ऐन वाऱ्याच्या दिवसांत जाणार. आईला खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसव, मोबाइल हातातून काढून घे आणि क्षितिजाकडे बघायला लाव. मी तोंडात आल्याची वडी धरली होती. ती वडी मी ब्रिस्बेनलाच केलेली, कारण नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीचे दोन डबे विमानतळावरच गेले होते. दुधाचं, खव्याचं काही आणू नका म्हणावं, आणि जे आणाल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहा. आम्ही लिहिलं होतं, म्हणून नुसती बर्फी गेली, दंड नाही झाला. तरी हे अजून हळहळतात.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. पोहता येत नाही म्हणून तू उगाच घाबरून राहिली आहेस. मला पोहता येतं. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकले. आणि पाण्यात घाबरले ती मीच! मास्क लावला, तोंड पाण्यात घातलं आणि नाकाने श्वास घ्यायला गेले. मास्कने नाक गच्च बंद केलेलं. छातीत धस्स झालं, मान वर काढली, नळीत पाणी शिरलं, ठसका लागला. विहिरीत पोहणाऱ्याला दर दोन हातांनी डोकं वर काढायची सवय, ती इथे नडते. आणि हे, ज्यांना बादलीभर पाण्याचं भय, ते रबरी रिंग धरून पालथे पडले आणि गाइड मुलीने सांगितलं तसं तोंडाने हळूहळू श्वास घेत राहिले. त्यांच्याजवळ मोडायला जुनी सवयच नव्हती. ती मुलगी रिंगची दोरी ओढत त्यांना फिरवून आणत होती, पोळ्यातल्या बैलासारखं. अर्धा तास! मी तोवर वाळूवर बसून तोंडाने श्वास घ्यायची तालीम करून राहिले होते.

म्हणून सांगते, आई-बाबांना पोहायला नको शिकवूस, तोंडाने श्वास घ्यायला शिकव. मास्क आणि नळी इथे मिळते. घंगाळात पाणी घ्यायचं, चेहरा बुडवायचा आणि मनातल्या मनात रामरक्षेचे दोन श्लोक होईतो वर काढायचा नाही. तिकडचं खारं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात. वरून तरंगायला लांब फोमची नळी देतात, तिला तिकडे नूडल म्हणतात. बाबांना आधी सांगून ठेव, नाहीतर जेवणाची ऑर्डर समजतील.

बोटीवर एक फॉर्म भरून घेतात: हृदय, दमा, फीट, मधुमेह, रक्तदाब. ह्यांनी सगळीकडे 'नाही' लिहिलं. रक्तदाबाची गोळी सकाळी माझ्यासमोर घेतलेला माणूस! मी पेन हिसकावून घेतलं. म्हणतात, "काहून खरं सांगतेस, उतरू नाही देणार." तसं काही नाही. उतरू देतात, फक्त साठीच्या पुढचे आणि दुखणंवाले वेगळे ओळखू यावेत म्हणून खूण करतात, तरंगायचं साधन घ्यायलाच लावतात आणि एकटं सोडत नाहीत. तुझ्या बाबांचा फॉर्म तू भर. निघताना आणि परतताना माणसं मोजतात, शाळेच्या हजेरीसारखी. १९९८ मध्ये तिकडच्या रीफवर दोन पाणबुडे मागे राहून गेले आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, तेव्हापासून मोजणीबाबत फार कडक झाले. हाक मारतील तेव्हा संडासात बसून राहू नका.

आता कपड्यांचं. नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा हंगाम. एक असते पेटीच्या आकाराची, आणि दुसरी इरुकांजी, नखाएवढी, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून लायक्राचा, म्हणजे ताणणाऱ्या पातळ कापडाचा, अंगभर सूट घालायचा. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, डंख झाला तर ओतायला. आई म्हणेल, मी असलं घालणार नाही. मीही म्हटलं होतं. पण तो सूट मानेपासून घोट्यापर्यंत झाकतो, आपल्या नऊवारीइतका. ऊनही लागत नाही, म्हणजे क्रीम थापायचं वाचलं. आरशात पाहू नका, एवढंच.

काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकून विसळायचं. भाड्याचा मास्क, आधी कोणी थुंकलं असेल देव जाणे! मी लहान मुलांचा शांपू पुडीत नेला होता. थेंबभर चोळून विसळला तरी काम होतं. चष्म्याच्या नंबराचे मास्कही बोटीवर असतात, सकाळीच मागून घ्या, नंतर उरत नाहीत. आणि मिशी! तुझ्या बाबांना मिशी आहे का? ह्यांची होती. मास्क मिशीवर बसतच नाही, नाकाखालून पाणी झिरपतं. शेवटी त्या मुलीने मिशीवर व्हॅसलीन थापलं.

दिसतं काय? टीव्हीवरच्यासारखं रंगीबेरंगी नाही, हे आईला आधीच सांग, नाहीतर हिरमोड होईल. पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं, म्हणून बरंचसं प्रवाळ खाकी, शेवाळी दिसतं. टीव्हीवाले दिवे घेऊन उतरतात. शिवाय पाणी तापून प्रवाळ पांढरं पडायचं १९९८ पासून किती वेळा झालं: २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. पण कासव दिसतं. तिथे पाण्याखाली गवताची कुरणं आहेत, त्यांत हिरवी कासवं चरतात. अगदी गाईसारखी, मान खाली घालून, आपल्याकडे ढुंकूनही न बघता. आणि पोपटमासे. ते प्रवाळ कुरतडतात, त्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो, कोणी कुरमुरे खाल्ल्यासारखा. आत गेलेला चुना वाळू होऊन मागून बाहेर पडतो. गाइडने हे सांगितल्यावर हे वाळूतून ताडकन उठले. पण शिंपला, वाळू, काही खिशात टाकायचं नाही. ते सगळं संरक्षित आहे.

उतरायच्या आधी भरतीची वेळ बघा. ओहोटीला किनाऱ्यालगत पाणी इतकं उथळ होतं, की पोट प्रवाळाला घासतं. आणि पाय टेकवायचा नाही, दमलं तर पाठीवर उलटं व्हायचं. आम्ही भरतीला उतरलो, ओहोटीच्या वेळी झाडीतल्या लाकडी वाटेने फिरलो. बेट उणंपुरं १२ हेक्टर, पण मध्ये दाट रान आहे, सावली भरपूर. कॅसियस नावाची, कुंपणात ठेवलेली मगर होती तिथे, साडेपाच मीटरला दोन सेंटिमीटर कमी. आम्ही पाहिली, पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेली बिचारी. बेटाला नाव कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या ग्रीन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं. आम्हाला वाटलं होतं झाडं हिरवी म्हणून. मूळ लोक, गुंगंडजी, आधीपासून त्याला वुन्यामी म्हणतात.

जेवणात आईला सॅलड, ब्रेड, फळं मिळतील. बाकी दशम्या आणि लोणचं ब्रिस्बेनलाच करून ने.

बजाजनगर माझ्या घरापासून लांब नाही. आई-बाबांना रविवारी पाठव. घंगाळ आहे, नळी आहे, यांचा मास्कही आहे. पोहे पण करीन, तर्री टाकून.

– धरमपेठवाली काकू

---

प्रेषक: टूवूम्बाचा डॉक्टर

काकूंचा फॉर्मचा मुद्दा जरा पुढे नेतो. पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावरचा भार वाढतो. त्यात दम लागला, घाबरगुंडी उडाली, की आधीच अरुंद असलेल्या धमन्यांना ते झेपत नाही. क्वीन्सलँडमध्ये स्नॉर्केलिंग करताना दगावणाऱ्यांत वयस्क, हृदयविकार असलेले पर्यटक बरेच असतात. ते ओरडत नाहीत, हात हलवत नाहीत. शांतपणे तरंगत राहतात आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मासे बघताहेत. म्हणून जोडीदार हाताच्या अंतरावर हवा.

स्टेंट म्हणजे बंदी नाही. नागपूरहून निघण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा, ट्रेडमिल तपासणी करून घ्या, इंग्रजीत चिठ्ठी आणा. जिना चढताना छाती भरून येत असेल तर काचेची बोटच बरी. बोट लागण्याच्या गोळ्याही विचारून घ्या. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर त्यांतल्या काही चालत नाहीत, आणि बहुतेकांनी झोप येते.

---

प्रेषक: मेलबर्न, मूळचा कुडाळ

एवढा खर्च कशाला? मालवणला या. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग होतं आणि वर ताजं बांगड्याचं तिखलं मिळतं.

---

प्रेषक: बजाजनगरची लेक, ब्रिस्बेन

कुडाळकर, आई शाकाहारी आहे हो!

काकू, थँक्यू म्हणणार नाही, तुम्हाला राग येईल. डॉक्टरांचं पत्र बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. शुक्रवारी रामदासपेठेत तपासणीची वेळ घेतली आहे. रविवारी दहा वाजता दोघं तुमच्याकडे येतील. आई विचारतेय, घंगाळ पितळी की तांब्याचं?

---

प्रेषक: धरमपेठवाली काकू, नागपूर

तांब्याचं. अहवाल देते.

तुझी आई हुशार आहे गं. पहिल्या खेपेला ठसकली, दुसऱ्या खेपेला रामरक्षा सुरू केली आणि "चापबाण" येईपर्यंत वर आलीच नाही. मीच घाबरून खांद्याला हात लावला. वर येऊन म्हणाली, खाली शांत वाटतं, कोणाचं काही ऐकू येत नाही. हे बोलताना तुझ्या बाबांकडे का बघितलं, ते मी विचारलं नाही.

बाबांनी आधी तासभर पेपर वाचला. ट्रेडमिल चांगली झाली म्हणे, डॉक्टरांनी चिठ्ठीवर "गाइडसोबत, रिंग धरून, वीस मिनिटं" असं लिहून दिलंय. चिठ्ठी खिशातच होती, दोनदा काढून दाखवली. मग आमच्या ह्यांनी डिवचलं, "भाऊ, पोळ्याचा बैल व्हायला लाजू नका." तेव्हा उठले. मास्क लावला. पाणी नाकाखालून आत. पुन्हा लावला. पुन्हा आत. मिशी आहे गं तुझ्या बाबांना, आणि काय मिशी आहे! व्हॅसलीन लावूनही थोडं झिरपलंच.

मी म्हटलं, नाकपुड्यांखाली बोटभर जागा साफ करा, वरचा रुबाब राहू द्या. ते म्हणाले, "वहिनी, पस्तीस वर्षं नोकरीत साहेबांनी सांगूनही काढली नाही." तपेलीभर तर्री संपेपर्यंत यावर चर्चा झाली.

आत्ता तुझ्या आईचा फोन येऊन गेला. बाबा धंतोलीच्या न्हाव्याकडे गेले आहेत. कशाला, ते सांगून नाही गेले.