व्हेगासचं जुनं थीम हॉटेल: सामान उघडण्याआधी

धुळ्याहून

राम राम मंडळी,
आई-नाना (वय 68 आणि 73) आणि आम्ही चौघं जुलैत लास व्हेगासला तीन रात्री आहोत. जळगावच्या एजंटाने स्ट्रिपवरचं (तिथल्या हॉटेल-कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरचं) एक जुनं थीम हॉटेल धरलंय. दर कमी, बाहेरचा देखावा झकास. पण नुकतेच राहून आलेले लोक म्हणतात, खोलीला कुबट वास, एसी नुसता घरघरतो, बाथरूममध्ये पाणी तुंबतं. रद्द करावं का? नानांना इन्सुलिन चालू आहे, आणि दोघांना पहाटे चहा लागतोच.

उत्तर: चाळीसगावकर, सध्या फिनिक्स

ताई, आधी कन्फर्मेशनवर टॉवरचं नाव आहे का ते पाहा. एकाच हॉटेलात दहा-पंधरा वर्षांच्या फरकाने सुधारलेल्या खोल्या असतात. एक्सकॅलिबर हॉटेल 1990 चं, लक्सर 1993 चं; लक्सरमध्ये मूळ पिरॅमिडच्या आकाराची इमारत वेगळी आणि शेजारी नंतर बांधलेले टॉवर वेगळे. पिरॅमिडच्या खोल्यांची खिडकीकडची भिंत उतरती आणि लिफ्टही तिरकी चालते. आईंना चक्कर येत असेल तर टॉवरच मागा. नुसतं ‘रन ऑफ हाउस’ लिहिलं असेल तर काउंटरवर जी उरेल ती खोली मिळते. एजंटाला नूतनीकरण झालेल्या खोलीचा प्रकार लेखी टाकायला लावा. त्याच्या यादीत अजून मिराज किंवा ट्रॉपिकाना दिसत असेल तर यादीच शिळी आहे. दोन्ही 2024 मध्ये बंद झाली.

कुबट वासाचं मूळ बहुधा एसीत असतं. थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा फिरते, त्यावर साचणारं पाणी खालच्या ट्रेमधून बारीक नळीने जातं. नळीत शेवाळ बसलं की ट्रे भरून वाहतो, पाणी कार्पेटखालच्या फोममध्ये मुरतं. वरून कितीही अत्तर फवारलं तरी तो वास जात नाही. म्हणून युनिटजवळच्या कार्पेटवर तळहात दाबून पाहा. ओल लागली तर खोली बदलून मागा, दुरुस्तीची वाट पाहू नका.

थर्मोस्टॅट 65 फॅरनहाइटवर ठेवा, दहा मिनिटांनी एसीच्या जाळीपाशी हात धरा. चेक-इन दुपारी तीन-चारला असतं, हीच खरी परीक्षेची वेळ. 7 जुलै 2024 ला तिथं पारा 48.9 अंश सेल्सिअसवर गेला होता, म्हणजे भुसावळचा मे फिका पडावा. पश्चिमेची खिडकी नको, हे आधीच सांगा.

तेवढ्यात शॉवर दोन मिनिटं सोडा. पाणी घोट्याला लागलं तर नळी तुंबलेली आहे. डोक्याकडच्या बाजूने गादीची शिवण उलटून शाईसारखे काळे ठिपके शोधा, ते ढेकणांचे. तोवर बॅगा बाथरूममध्येच, पलंगावर नाहीत. फोटो काढा आणि सामान उघडण्याआधी काउंटरला कळवा. एक रात्र झोपून उठल्यावर तक्रारीचं वजन निम्मं होतं.

उत्तर: अमळनेरकर

चहाचं मी सांगते. घरची किटली मुळीच आणू नका. ती 230 व्होल्टची, तिथं 120. वॅट जवळपास पाव होतात. 1500 ची किटली 400 वर येते आणि पाणी उकळेपर्यंत पहाटेची सकाळ होते. तिथलीच किटली दुकानातून घ्या. ती साडेबारा अँपिअर ओढते, त्यामुळे तिच्यासोबत हेअर ड्रायर लावू नका. जुन्या खोलीत बहुधा 15 अँपिअरची लाइन असते, लगेच ट्रिप होते.

इन्सुलिनसाठी ‘औषधाकरता फ्रिज’ असं म्हणूनच मागा. मिनीबारमध्ये (खोलीतल्या विकतच्या पेयांच्या छोट्या फ्रिजमध्ये) ठेवू नका; त्यातली बाटली हलली तरी काही ठिकाणी बिल लागतं. बर्फाच्या बादलीत थेट ठेवलं तर इन्सुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं फेकूनच द्यावं लागतं. गाडीत विसरू नका.

आणखी एक: लिफ्टकडे जायला बहुतेक ठिकाणी कॅसिनोतूनच वाट आहे. नेवाडाच्या 2006 च्या धूम्रपानबंदी कायद्यातून कॅसिनोचा हॉल वगळलेला आहे. नानांना दम्याचा त्रास असेल तर पूर्ण धूम्रपानमुक्त असलेलं पार्क एमजीएम हॉटेल बघा. मुलं 21 च्या आतली असतील तर त्यांनी तिथून चालत जावं, जुगाराच्या मशिनपाशी थांबू नये.

उत्तर: चाळीसगावकर

पैशांचं राहिलंच. रिसॉर्ट फी (हॉटेल खोलीच्या भाड्यावर सक्तीने घेतं ती) वेगळी असते आणि तिच्यावरही सुमारे 13 टक्के कर लागतो. 12 मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या (अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण संस्थेच्या) नियमाने सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो, पण एजंटाने रुपयांत दिलेल्या आकड्यात ती आहे की काउंटरवर भरायची आहे, हे त्याच्याकडून लिहून घ्या. चेक-इनला अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. फॉरेक्स कार्ड देऊ नका, ते पैसे सुटायला बरेच दिवस जातात आणि तोवर पुढच्या प्रवासाला हात आखडतो. क्रेडिट कार्डच द्या, आणि ते ज्याच्या नावावर आहे तो माणूस काउंटरवर हजर हवा.