मदत हवी आहे : बांध कोरला, केळी कापली. दिवाणी की फौजदारी?
मंडळी, रावेर तालुक्यात आमची केळी आहे. शेजाऱ्याने ट्रॅक्टर घालून बांध कोरला, वर आमच्या बाजूची निसवलेली (घड बाहेर पडलेली) झाडं कापली. कोवळे घड अजून तिथंच पडलेत. पोलीस ठाण्यात ‘दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ म्हणत अदखलपात्र (कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशा) नोंदीचा कागद हातात दिला.

हद्द मोजणीने ठरेल, मनाई हुकूम दिवाणी न्यायालय देईल, कबूल. पण उभं पीक कापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ (मालमत्तेचं मुद्दाम नुकसान) खाली गुन्हाच ना? भरपाईचा दावा आणि फौजदारी तक्रार एकदम चालवता येतात का? दावा हरलो तर तक्रारही पडते का? वकीलसाहेब फक्त दाव्याचंच बोलतात (फी तिकडे जास्त, असो). तलाठ्याचा पंचनामा फौजदारीत कितपत टिकतो?

जाणकारांनी लवकर सांगा, धाकटा भाऊ कोयता शोधतोय.